धान्य खळ्यावर आल्यानंतर

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



कार्यवाहांनी आम्हांस ‘शेतीसंशोधन’ एवढाच विषय कळविला होता. हा विषय समुद्राएवढा आहे; त्यातून आम्ही एक ओंजळ तेवढी घेणार आहोत. धान्य कसे पिकवावे हे सांगावयास आम्ही उभे नाही. वरकस जमिनीत, अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसात, उतारावरची माती धरून ठेवून नाचणी आणि वरई कशी लावावी, हे आपल्या वाडवडिलांना कोणा विद्यापीठाने शिकविले नव्हते. धान्य खळ्यावर आल्यापासून ते मुलाच्या मुखात, अथवा कारखान्याच्या दारात, जाऊन पोहोचेपर्यंत त्याचे काय होते, हा आमचा विषय आहे. आणि तो आम्ही जव्हार तालुक्यातील वांगणी हे गाव डोळ्यांपुढे ठेवून मांडणार आहोत.

वांगणी का, असे येथे कोणी विचारणार नाही. १९९२ साली वावर आणि वांगणी ही दोन नावे जोडीने साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाली. त्या वर्षी या परिसरात शंभरांहून अधिक बालके कुपोषणाने आणि त्यामागोमाग येणाऱ्या आजारांनी दगावल्याच्या वार्ता प्रसिद्ध झाल्या. मंत्री आले, अधिकारी आले, रस्त्यांची आणि दवाखान्यांची कामे निघाली. १९९५ पासून आदिवासी भागांसाठी नवसंजीवनी योजना सुरू झाली. २०१५ साली गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे गरम जेवण देणारी अमृत आहार योजना आली. तरीही २०१६ साली मोखाडा तालुक्यातील बालमृत्यूंनी पुन्हा वर्तमानपत्रांचे रकाने भरले. तोवर ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन, १ ऑगस्ट २०१४ पासून, हे दोन्ही तालुके नव्या पालघर जिल्ह्यात आले होते. जिल्हा बदलला, दुखणे तेच राहिले.

या मृत्यूंना एकच कारण नव्हते, हे प्रथमच सांगून टाकतो. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांकडे निघणारी कुटुंबे, पावसाळ्यात तुटणाऱ्या वाटा, अल्पवयात झालेली लग्ने, गोवर आणि अतिसार, कर्ज, दवाखान्याचे अंतर, ही सारी त्यात आहेत. केवळ धान्याच्या प्रक्रियेने ते सर्व दूर होईल असे म्हणणारा मनुष्य एक तर भोळा असेल किंवा यंत्राचा विक्रेता असेल. परंतु एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. ज्या डोंगरावर ही बालके गेली, त्याच डोंगरावर नाचणी उभी होती.

नाचणीत चुना, म्हणजे कॅल्शियम, शंभर ग्रॅमला सुमारे ३४० ते ३६० मिलिग्रॅम असतो. तांदळात तो १० च्या आसपास भरतो. इतका चुना भारतात पिकणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही तृणधान्यात नाही. मात्र नाचणीची स्तुती करताना हात थोडा आखडता घ्यावा, असे आमचे मत आहे. तिच्यात प्रथिने सातएक टक्केच असतात, आणि त्या प्रथिनांत लायसीन कमी असते. म्हणून तिला उडदाची, कुळथाची किंवा मुगाची जोड हवी. हे उडीद-कुळीथही याच उतारांवर होतात. आपल्या आजीने नाचणीच्या भाकरीबरोबर उडदाचे भुजणे का वाढले, याचे उत्तर यात आले.

आता बालकाकडे वळू. सहा महिन्यांच्या मुलाला आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न सुरू करावे लागते. आई नाचणीचे पीठ पाण्यात शिजविते. पिठातील पिष्ट पाणी शोषून फुगते आणि पेज घट्ट होते. घट्ट पेज एवढ्याशा मुलाला गिळवत नाही. म्हणून आई पाणी घालते. पेज पातळ झाली खरी, पण वाटीत आता पीठ किती आणि पाणी किती? मुलाचे पोट मुठीएवढे. ते पाण्यानेच भरते. आई म्हणते मूल पोटभर जेवले, आणि ते खोटे नसते. मूल मात्र वाळतच जाते. उपासमार भरल्या वाटीतूनही होते ती अशी.

हा पेच सोडविण्याचे शास्त्र जुने आणि अत्यंत साधे आहे. धान्याला मोड येऊ लागले म्हणजे दाण्यात अमायलेज नावाचा पाचक पदार्थ तयार होतो. कोवळ्या अंकुराला अन्न हवे म्हणून तो दाण्यातील पिष्ट तोडू लागतो. असे मोडाचे, वाळविलेले पीठ घट्ट पेजेत चिमूटभर मिसळले की पाहता पाहता पेज सैल होते. पाणी वाढवावे लागत नाही. तेवढ्याच वाटीत अधिक पीठ, म्हणजे अधिक अन्न, मुलाच्या पोटात जाते. म्हैसूर येथे १९५० साली स्थापन झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत देशिकाचार व मल्लेशी या शास्त्रज्ञांनी १९८० च्या सुमारास नाचणीच्या मोडाचा यासाठी विशेष अभ्यास केला, आणि तृणधान्यांत नाचणीचा मोड या कामी फार गुणाचा ठरतो असे दाखविले. बडोद्याच्या विद्यापीठात तारा गोपालदास यांनी त्याच दशकात हे तत्त्व घरगुती वापरासाठी मांडले. वावर-वांगणीच्या वार्ता आल्या त्या १९९२ साली. म्हणजे उत्तर छापून झाले होते. ते म्हैसूरहून जव्हारच्या घाटावर चढले नव्हते, इतकेच.

आमच्या भगिनी म्हणतील, यात नवीन काय? नाचणीसत्त्व आम्ही करतोच. करता, आणि म्हणूनच दोन गोष्टी स्पष्ट सांगणे अवश्य आहे. पहिली अशी की सत्त्व करताना पीठ वस्त्रगाळ करून वर राहिलेला चोथा टाकून देण्याची रीत आहे. नाचणीतील चुना मोठ्या प्रमाणात सालीत असतो. जे टाकले त्यातच हाडांचे धन गेले. अगदी तान्ह्यासाठी गाळावे लागले तरी चाळण भरड ठेवावी, आणि राहिलेला कोंडा घरातल्या मोठ्यांच्या भाकरीत घालावा. दुसरी गोष्ट भाजण्याची. मोड आलेली नाचणी खमंग वास येईतो तव्यावर भाजली तर अमायलेज जळून जाते. पीठ चवीला उत्तम होते, पण पेज सैल करण्याचा गुण उरत नाही. म्हणून नाचणी रात्रभर भिजवावी, ओल्या फडक्यात दीड-दोन दिवस बांधून ठेवावी, उन्हात खडखडीत वाळवावी, चोळून मोड पाखडून काढावेत, आणि फार तर अंगापुरती ऊब लागेल इतकेच शेकून दळावी. साधे पीठ आधी शिजवून घ्यावे. पेज कोमट झाल्यावर त्यात हे पीठ चिमूटभर घालून ढवळावे, आणि पातळ झाल्यावर पुन्हा एक कढ आणावा. ही शेवटची उकळी विसरू नये. मोडाच्या ओलीत जंतू वाढलेले असतात, ते तिने मरतात.

नाचणीपुरते एक सुख आहे. दाणा मळणीतच टरफलापासून सुटा होतो, आणि तो सालीसकट दळता येतो. जाते असो की गिरणी, काम भागते. शिवाय हा बारीक दाणा कणगीत वर्षानुवर्षे टिकतो; किडीला त्यात घर करता येत नाही. खरी अडचण आहे ती वरईची, आणि आमच्या आजच्या बोलण्याचा गाभा तेथेच आहे.

वरईच्या इवल्याशा दाण्याला टरफल घट्ट चिकटून असते. ते माणसाला पचत नाही. उखळात घालून मुसळाने कांडावे, सुपाने पाखडावे, पुन्हा कांडावे, पुन्हा पाखडावे, असे तीन-चार हात झाल्यावर पायलीतून खाण्याजोगे जे निघेल ते निघेल. हे काम कोणी करावयाचे, तर घरातील बाईने. रोपलावणीहून, पाण्याच्या हंड्याहून आणि सरपणाच्या भाऱ्याहून जो वेळ उरेल त्यात. शिधावाटपाच्या दुकानातून पांढरा तांदूळ मिळू लागल्यावर तिने उखळ कोपऱ्यात सारले, तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे? वरकस माळांवरची वरई मागे हटली, तिची कारणे लोक पावसात आणि तरुणांच्या आळसात शोधतात. आम्हांस वाटते, ते पीक शेतात मेले नाही. ते उखळाशी मेले. संशोधकांनी वरईचे सुधारलेले वाण काढले, राहुरीच्या विद्यापीठाचा ‘फुले एकादशी’ हा त्यांपैकी एक. वाण चांगलाच आहे. परंतु उत्पन्न दुप्पट झाले म्हणजे कांडणही दुप्पट झाले, हे बाईच्या बाजूने कोणी मोजले?

ज्यांनी उखळ सोडले त्यांनी वरई विकावयास काढली. ती टरफलासकट व्यापाऱ्याकडे जाते, मोखाडा-त्र्यंबकच्या रस्त्याने नाशिकला पोहोचते, तेथील भगरीच्या गिरण्यांत सडली जाते, आणि एकादशीच्या आदल्या दिवशी पुडीत बांधलेली भगर म्हणून आपल्याच दुकानात येते. देशभरातील बारीक भरडधान्ये सडण्याचे नाशिक हे मोठे ठिकाण आहे. दूरदूरच्या प्रांतांतूनही माल तेथे येतो. नाशिककरांचा आम्हांस राग नाही. त्यांनी यंत्र बसविले, जोखीम घेतली. मात्र भावातला फरक कोठे पडतो ते पाहावे: बी, नांगर, पाऊस, राखण, कापणी ही सारी आपली, आणि शेवटचा एक हात त्यांचा, मोल त्या शेवटच्या हाताला मिळते. नाचणीला निदान किमान आधारभूत किंमत आहे. २०२४-२५ च्या हंगामासाठी ती क्विंटलला ४,२९० रुपये होती. वरईला तशी स्वतंत्र आधारभूत किंमत नाही, तेव्हा व्यापारी म्हणेल तो भाव.

मग यंत्र आपल्याकडे का नसावे? भाताच्या जुन्या हलरमध्ये वरई घातली तर घर्षणाने दाण्याचा चुरा होतो, म्हणून लोकांनी तो नाद सोडला. पण वरईसाठी निराळ्या तत्त्वावरचे यंत्र आहे. त्यात वेगाने फिरणाऱ्या पात्यांतून दाणा बाहेर फेकला जातो, भोवतीच्या भिंतीवर आपटतो, आणि त्या आघाताने टरफल फुटून दाणा अखंड सुटतो. मागून पंखा टरफल उडवून नेतो. कोइमतूरचे कृषी विद्यापीठ, भोपाळची केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आणि हैदराबादची भरडधान्य संशोधन संस्था यांनी या कामास हातभार लावला आहे, आणि खेड्यास पेलेल अशी लहान यंत्रे आता बाजारात मिळतात. २०२३ हे वर्ष, भारताच्या सूचनेवरून, संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून त्यांचा बोलबालाही झाला आहे.

एक खुबी येथे सांगितली पाहिजे, कारण ती न कळल्यामुळे यंत्रे गंजत पडतात. आघाताचे यंत्र एकसारख्या आकाराच्या दाण्यावर नीट चालते. लहानमोठे दाणे एकत्र घातले तर वेग मोठ्याला पुरतो आणि लहान तसाच टरफलासकट बाहेर येतो. वेग वाढवावा तर मोठा फुटतो. आपल्याकडे हळवी, निमगरवी आणि गरवी वरई एकाच खळ्यावर मिसळते. म्हणून यंत्राच्या आधी चाळणीचा आणि खडे वेचणाऱ्या यंत्राचा खर्च धरावा लागतो. ज्या संस्था नुसतेच सडण्याचे यंत्र देऊन छायाचित्र काढून जातात, त्यांच्या यंत्राचे पुढे काय होते हे सांगावयास नको. दुसरे असे की सडलेल्या वरईच्या अंगावरचा कोंडा तेलकट असतो, आणि तो काही आठवड्यांत खवट होऊ लागतो. व्यापारी हा कोंडा घासून काढतात आणि दाणा पांढराशुभ्र करतात. कोंड्याबरोबर जीवनसत्त्वेही जातात. धान्य टरफलात ठेवावे आणि लागेल तसे महिन्या-पंधरवड्याने सडून घ्यावे, हे गावातच यंत्र असले तरच शक्य होते. दूरच्या गिरणीवर नसलेला असा हा एक लाभ आपल्या गिरणीच्या पदरी आहे.

येथवर अन्नाची गोष्ट झाली. याच वनस्पतींपासून उद्योगाचे पदार्थ काढण्याचे शास्त्रही आहे. अमेरिकेत १९३८ साली कायदा होऊन शेतमालाचे नवे उपयोग शोधणाऱ्या चार प्रादेशिक प्रयोगशाळा उभारल्या गेल्या. त्यांतील पिओरिया येथील प्रयोगशाळेत, मक्याचे पिष्ट काढताना उरणाऱ्या पाण्यावर पेनिसिलिनची बुरशी जोमाने वाढते असे १९४१ साली आढळले, आणि ते औषध मोठ्या प्रमाणावर करता येऊ लागले. कोणाची टाकाऊ वस्तू कोणाचा प्राण वाचवील सांगवत नाही. आपल्याकडे मुंबईत माटुंग्यास १९२४ पासून कापसाची प्रयोगशाळा आहे. पऱ्हाटीपासून फळ्या बनविण्याचे काम तिने केले. पण अमेरिकेचा प्रश्न धान्याच्या ढिगाचा होता. आपला तसा नाही. म्हणून तेथील पाठ जसाच्या तसा गिरवू नये.

डोंगरातल्या मालाला कारखान्याचे दार ठाऊक नव्हते असेही नाही. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी अ‍ॅसिटोन हवे होते; तेव्हा बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील गिल्बर्ट फाउलर यांच्या प्रयोगांच्या आधारे मोहफुलांपासून ते काढण्याचा कारखाना सरकारने आपल्या शेजारीच, नाशिकला, उभारला. वाळलेल्या मोहफुलात वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर असते, हे त्यामागचे रहस्य. युद्ध संपले आणि ती मागणीही संपली. पुढे मोहाचे नाव दारूबंदीच्या कागदांत अडकून राहिले. मोहफुले गोळा करण्या-वाहण्यावरील निर्बंध महाराष्ट्र शासनाने उठविले ते २०२१ साली. फाल्गुन-चैत्रात पहाटे झाडाखाली पडलेले फूल जमिनीवरून वेचले तर त्यात माती येते, आणि त्याला भट्टीचाच भाव मिळतो. झाडाखाली जाळे बांधून तेच फूल स्वच्छ झेलले आणि वाळविले तर त्याचा पाक, लाडू, मुरंबा होतो. एका जाळ्याने फुलाची जात बदलते. बियांच्या, म्हणजे मोहटीच्या, तेलाचा साबण होतो. पेंड मात्र गुरांना घालू नये, तिच्यात विषारी द्रव्य असते. ती खत म्हणून शेतात टाकावी.

खुरासणीची कथा थोडी हास्यकारक आहे. इगतपुरीच्या संशोधन केंद्राने तिचे वाण काढले. तिच्या बियांत तेल तिसऱ्या हिश्शाहून अधिक. पण देशाबाहेर जाणारी खुरासणी बहुतांशी कशासाठी जाते? अमेरिकेतील घरांच्या अंगणात येणाऱ्या पाखरांना घालण्यासाठी. तिच्यात मिसळलेले तणाचे बी तेथे रुजू नये म्हणून ती तापविल्यावरच त्या देशात घेतात. पाखरांनी सुखाने खावे. आमचे म्हणणे इतकेच की एखादे लाकडी घाणे आपल्या गावातही फिरावे.

एका धोक्याविषयी मात्र आम्ही हसून बोलू शकत नाही. शहरात नाचणीचे नाव झाले आहे. मुंबईच्या दुकानांत तिची बिस्किटे आणि शेवया मिळतात, आपलेच सुशिक्षित बांधव त्या घेतात. त्यामुळे भाव चढेल, आणि चढलेल्या भावाने कणगी रिकामी होईल. उद्या वांगणीत उत्तम गिरणी चालेल, नाचणीसत्त्वाच्या पुड्या रंगीत कागदात बांधल्या जातील, आणि त्या बांधणाऱ्या बाईचे मूल पाण्याची पेज पिईल, हे अगदी शक्य आहे. दुधाच्या बाबतीत अनेक गावांनी हे पाहिले आहे. म्हणून गिरणीचा नियमच असा असावा की ज्या घरात सहा वर्षांखालील मूल आहे, त्या घराची वर्षाची बेगमी आधी बाजूला काढावी आणि उरेल तेच विक्रीस घ्यावे. हा नियम पाळण्याचे काम पुरुषांकडे देऊ नये, असे आम्ही सुचवितो. कणगीत किती आहे हे त्यांना बहुधा ठाऊक नसते.

मंडळाकडे आमची मागणी मोठी नाही. दरवर्षी आपण विद्यार्थ्यांना पारितोषिके देतो, तो उपक्रम चालूच राहावा. त्याच्या जोडीला वांगणीच्या परिसरात बायकांच्या बचतगटाकडे सोपविलेली एक वरईची गिरणी उभी करावी: चाळणी, खडे काढण्याचे यंत्र, सडण्याचे यंत्र, एवढ्या तीनच वस्तू. सडणावळ पैशात न घेता मापट्याने धान्यात घ्यावी, म्हणजे हातात रोकड नसलेल्या घरालाही गिरणीची पायरी चढता येईल. आपल्यातील जे तरुण अभियंते भिवंडी-पालघरच्या कारखान्यांत आहेत त्यांनी दुरुस्तीची जबाबदारी वाटून घ्यावी. पट्टा तुटला म्हणून यंत्र चार महिने बंद, असे होऊ नये. ‘बायफ’ संस्थेने जव्हारच्या परिसरात नाचणी-वरईच्या जुन्या वाणांचे बी जमवून राखले आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे आणि कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राचे लोकही बोलाविल्यास येतात. त्यांना सत्कारासाठी न बोलाविता कामासाठी बोलवावे.

वरई कार्तिकाच्या आसपास खळ्यावर येते. तेव्हा ज्या ज्या घरी ती पिकते, त्या प्रत्येक घराने टरफलासकट शेरभर वरई, वाणाचे नाव आणि पाड्याचे नाव चिठ्ठीवर लिहून, मंडळाच्या कार्यालयात पोहोचवावी. निरनिराळे वाण एकमेकांशेजारी ठेवून दाणे मोजले की चाळणीला किती बारीक भोक हवे आणि यंत्राचा वेग किती ठेवावा, हे ठरविता येईल. यंत्राची किंमत विचारण्यास आम्ही त्यानंतरच जाणार आहोत.